कार्निव्हालच्या शनिवारी बंद केलेलं पाणी

८ जानेवारी, मंगळवार

एकसष्टावा अर्ज पाठवला. कुठल्या कंपनीला, ते आत्ता लिहिताना आठवत नाही. उठून बघता येईल. नको.

सकाळी नेहमीसारखी आईबरोबर आमच्या नाश्त्याच्या खिडकीत उभी होते. हिरवी केळी उकडायची, कुटायची, चीज घालून बोलोनचे गोळे वळायचे, तळायचे. समोरच्या टायरवाल्याने बोलोन हातात घेऊन नीट फिरवून पाहिला. म्हणाला, "काय इंजिनीअरबाई, एकदम मापात गोल आलाय. शिक्षण वाया नाही गेलं." रांगेतले हसले. आईही हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.

मला लागायला हवं होतं. लागलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला कॉफी दिली.

पदवी मिळून अकरा महिने झाले.

११ जानेवारी, शुक्रवार

मांताला मुलाखत. सांडपाण्याच्या पाइपलाइनचं काम. दोन तास बाहेर बसवलं, आत सात मिनिटं.

"अनुभव?"
"नाही."
"आम्हाला दोन वर्षांचा लागतो."
"जाहिरातीत नवीन पदवीधर लिहिलं होतं."
"हो, दोन वर्षांचा अनुभव असलेले नवीन पदवीधर."

तो गंमत करत नव्हता. मग विचारलं, लग्नाचं काय. म्हटलं, काही नाही. म्हणाला, आत्ता नाही, पण पुढे? मी म्हटलं, पुढचं मला माहीत नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं.

परतीच्या बसमध्ये झोपले. आमचं पोर्तोविएहो आलं तेव्हा कंडक्टरने उठवलं.

१२ जानेवारी

काही नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

वर्गाच्या ग्रुपवर लिओनेलाची बातमी. राजधानीत, कितोला लागली, मोठ्या ऑफिसात. हेल्मेट घातलेला फोटो. त्रेचाळीस जणांनी अभिनंदन केलं. मीही केलं. लिओनेला आणि मी चार वर्षं एकाच बाकावर बसलो, तिचे धरणाचे आराखडे मी काढून द्यायचे. हेवा वाटतोय का म्हणून बसून पाहिलं. नाही. आनंद? तोही नाही. दाढ काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं आहे. जीभ लावली की काहीतरी आहे एवढं कळतं.

आई विचारते, "मार्यु, तुला बरं नाहीये का?" मी म्हणते, बरी आहे. ती कपाळाला हात लावून बघते. ताप नसतो.

२३ जानेवारी, बुधवार

फोन आला. सान फर्मिनच्या पालिकेचा पाणीपुरवठा. इथून तीन तास, नदीकाठी. तिथे मी अर्ज केला होता हे मी विसरले होते. "सोमवारी या. कागदपत्रं मूळ आणा."

आईला सांगितलं. तिने तव्याखालचा गॅसच बंद केला. रांगेत चार माणसं उभी.

२८ जानेवारी, सोमवार

सान फर्मिनला जाऊन आले. पाणीपुरवठ्याचे प्रमुख इंजिनीअर मोरेइरा. पन्नाशीचे, हात स्वच्छ, टेबल स्वच्छ. माझे गुण पाहिले नाहीत. एकच प्रश्न.

"राहशील ना इथे? आधीचे दोघं राहिले नाहीत. एक चार महिन्यांत गेला, एक सहा आठवड्यांत."
"राहीन."
"का?"

यावर तयारी केली नव्हती. म्हटलं, "मला दुसरीकडे कुठे जायचं नाहीये."

त्यांना हे आवडलेलं दिसलं. म्हणाले, "तीन महिने चाचणीवर. त्या काळात आम्हाला नको वाटलं तर कारण द्यायला लागत नाही. समजलं?" समजलं म्हटलं. कागदावर सही केली.

म्हणजे नोकरी लागली. बाहेर येऊन पालिकेच्या पायरीवर बसले. ऊन होतं. काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. मग आईला फोन केला. ती इतकी रडली की शेवटी शेजारणीने फोन घेतला आणि मला विचारलं, "कोण गेलं?"

३ फेब्रुवारी, रविवार

सामान लावलं. फ्लोरबाईंच्या घरात मागची खोली. फ्लोरबाई विधवा आहेत, घरात पाच पोपट. पहिला नियम सांगितला, पोपटांसमोर शिव्या द्यायच्या नाहीत. दुसरा नियम नाही.

आईने दाण्याची चटणी, उकडलेली केळी, दोन टॉवेल आणि बाबांच्या फोटोची छोटी प्रत दिली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना पाण्यातलं काही कळत नव्हतं, ट्रक चालवायचे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

प्लांट. नदीतून पाणी वर येतं, तुरटी पडते, गाळ टाक्यांत बसतो, वाळूच्या चार गाळण्यांतून जातं, क्लोरीन, मग टेकडीवरच्या टाकीत. तिथून गाव. सगळं पुस्तकातल्यासारखं, फक्त गंजलेलं.

ऑपरेटर आहेत दिदिमो वेलेस. सगळे दिदिमोकाका म्हणतात. एकतीस वर्षं इथेच. शाळा सहावीपर्यंत. बुटके, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कानावर पेन्सिल. तुरटी किती टाकायची ते पाण्याकडे बघून ठरवतात.

मी विचारलं, मोजत नाही का. म्हणाले, "मोजतो की. डोळ्याने." मग म्हणाले, "तुमच्या आधीचा इंजिनीअर पहिल्याच दिवशी हेच बोलला होता, इंजिनीअरबाई. त्याचा टोप अजून खुंटीला आहे. डोक्याला बसतो का बघा."

टोप घालून पाहिला. मोठा होतो. त्यांनी आतून वर्तमानपत्राची घडी घालून दिली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

काचेची सहा भांडी, सहाही भांड्यांत नदीचं पाणी, प्रत्येकात वेगळी तुरटी. ढवळायचं, थांबायचं, कुठल्यात गाळ लवकर बसतो ते बघायचं. इथे हे करून वर्ष झालं असावं, भांड्यांत कोळ्याची जाळी होती.

काका भिंतीला टेकून बघत होते. माझा आकडा आला बेचाळीस. ते चाळीस टाकत होते.

"दोनचा फरक," ते म्हणाले. "माझं वय झालं."

मला हसू यायला हवं होतं. त्यांना कळलं असावं की येत नाहीये.  जाऊन स्वतःच बेचाळीस केलं.

१३ फेब्रुवारी

कामावर गेले. आले. फ्लोरबाईंनी माशाचा रस्सा दिला. एक पोपट माझं नाव शिकतोय, "मायुली" म्हणतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

काकांनी आज गाळणी धुवायला शिकवलं. पुस्तकात दहा मिनिटं लिहिलंय. त्यांनी मला वाळूवरचं पाणी बघत उभं केलं. "आता बंद करा." मी म्हटलं, अजून तीन मिनिटं आहेत. "पाणी काय म्हणतंय ते बघा, घड्याळ काय म्हणतंय ते नको." खरंच स्वच्छ झालं होतं.

मग त्यांनी आपला डबा उघडला. बायकोने केलेलं चिकन, दाण्याच्या रश्श्यातलं. अर्धं माझ्या झाकणात ओतलं. न विचारता. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

त्यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मग काय करणार म्हटलं. "बायको म्हणते कोंबड्या पाळू. मी म्हटलं, आधी तुझी परवानगी घेऊन थोडा झोपतो."

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मोरेइरासाहेब आले. कार्निव्हालसाठी शनिवारपासून चार दिवस गावात पाहुणे येणार, नदीकाठी नाचगाणी, चौकात पाण्याचे फवारे. "एक थेंब कमी पडता कामा नये. महापौरांनी स्वतः सांगितलंय. पाण्याशिवाय कार्निव्हाल म्हणजे काय?"

मी सांगितलं, तुरटीची पोती सतराच उरलीत. म्हणाले, कार्निव्हालनंतर येतील. मी म्हटलं, डोंगरात पाऊस झाला तर? म्हणाले, "दरवर्षी होतो. दरवर्षी कार्निव्हालही होतो."

१ मार्च, शुक्रवार

दिवसभर डोंगराकडे काळं. इथे कोरडं. पोरं आत्तापासूनच फुगे पाण्याने भरून रस्त्यात उभी आहेत, येताना पाठीवर एक बसला.

३ मार्च, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तसं क्रमाने लिहिते.

काल सकाळी दहाला नदीवर गेले तर पाणी नव्हतं, चॉकलेट होतं. फांद्या, कोंबडीचं खुराडं, एक आख्खं केळीचं झाड वाहत आलं. वर कुठेतरी दरड पडली असणार. गढूळपणा एरवी चाळीस-पन्नास असतो. यंत्रावर चौदाशे. यंत्र बिघडलं असेल म्हणून धुऊन परत लावलं. चौदाशे दहा.

तुरटी शेवटपर्यंत वाढवली. टाक्यांत गाळ बसेना. गाळण्या तासाभरात तुंबायला लागल्या, काकांची एक धुऊन होते तोवर दुसरी. बारा वाजता गाळून बाहेर येणारं पाणी मोजलं. पाचच्या वर जाता कामा नये. अडतीस.

अडतीसला पाणी नुसतं पिवळट दिसतं, ग्लासात घेतलं तर लिंबू सरबत वाटावं. पण गाळाच्या कणांत जंतू दडून बसतात, क्लोरीन पोचत नाही. पोरं तेच पाणी दिवसभर तोंडावर उडवून घेणार होती.

मोरेइरासाहेबांना फोन केला. मागे बँड वाजत होता.

"सुरू ठेव."
"अडतीस आहे साहेब."
"मग चार लिही. उद्यापर्यंत उतरेल."
"गाव आजारी पडेल."
"गढूळ पाण्याने कोणी मरत नाही, मी याच नदीचं पाणी पिऊन मोठा झालो. आणि हे बघ, तुझे चाचणीचे दोन महिने अजून बाकी आहेत."

फोन ठेवला. काका समोर उभे होते, अंगभर चिखल. त्यांनी ऐकलं होतं.  काय करू, असं मी त्यांना विचारलं नाही.

टेकडीवरच्या टाकीत सकाळचं स्वच्छ पाणी होतं, अर्धी टाकी. इस्पितळाची लाइन वेगळी आहे. गावचा व्हॉल्व्ह बंद केला आणि टाकीत गढूळ पाणी जाऊ दिलं नाही तर इस्पितळाला ते दोन दिवस पुरतं. हे मी मनात मांडलं, एवढंच. धैर्य वगैरे काही नव्हतं. बेरीज केली.

व्हॉल्व्हचं चाक माझ्या छातीइतकं उंच आहे. बंद करायला साठ-सत्तर फेरे. मी एकटीने सुरुवात केली. विसाव्या फेऱ्याला काकांनी येऊन दुसऱ्या बाजूने धरलं. बारा चाळीसला बंद झाला.

दोनपर्यंत फाटकाबाहेर माणसं. आधी विचारत होते, मग ओरडायला लागले. एक बाई म्हणाली, "माझ्या घरात वीस पाहुणे आलेत, संडासात काय ओतू, तुझं डोकं?" कोणीतरी नदीतला चिखल बादली भरून फाटकावर मारला. थोडा माझ्या पायावर आला. गार होता. मी फाटकात उभी राहून परत परत तेच सांगत राहिले, पाणी पिण्यासारखं नाही, इस्पितळात पाणी आहे, ज्यांच्याकडे तान्ही मुलं आहेत त्यांनी तिथून न्यावं. कुणीतरी म्हणालं, "ही कोण?" दुसऱ्याने सांगितलं, "पोर्तोविएहोची. बोलोन विकायची तिथे."

मला घाबरायला हवं होतं.

आज गढूळपणा सहाशे. अजून बंदच.

४ मार्च, सोमवार

सकाळी नऊला बाहेरचं पाणी चारवर आलं. उघडला व्हॉल्व्ह. चव्वेचाळीस तास बंद होता. पोती उरली दोन.

काका म्हणाले, "घरी जा. मी बसतो." गेले. बारा तास झोपले.

६ मार्च, बुधवार

कार्निव्हाल संपला. आज राखेचा बुधवार, येताना बायका चर्चमधून कपाळाला राख लावून परतत होत्या.

मोरेइरासाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, काढणार. बॅग भरूनच गेले होते. पण त्यांनी बसायला सांगितलं. कॉफी मागवली. म्हणाले, चौकशी झाली, महापौरांकडे अहवाल गेला, सगळं मिटलं. वरच्या खोऱ्यातल्या दोन गावांत पाणी सुरू ठेवलं होतं, तिथे शंभरावर माणसं जुलाबाने आडवी झालीत. आता वर्तमानपत्रवाले सान फर्मिनचं नाव चांगल्या अर्थाने घेतायत. "तू काही लिहून द्यायची गरज नाही. घरी जा, आराम कर."

मी विचारलं नाही, चौकशी कोणाची. अहवाल कोणी लिहिला. कॉफी प्यायले आणि घरी आले. बॅग रिकामी केली.

८ मार्च, शुक्रवार

काका दिसत नाहीत. नवा मुलगा आलाय ऑपरेटर म्हणून, महापौरांच्या मेव्हण्याचा पुतण्या. त्याने सांगितलं, काका रजेवर. ग्वायाकीलला मुलगी असते त्यांची, तिकडे गेले असतील.

बरं, म्हटलं.

१२ मार्च, मंगळवार

चाचणी संपायच्या आधीच कायम केलं. मोरेइरासाहेबांनी हात मिळवला. "कायम झालेली तू पहिली. आधीचे दोघं इथवर पोचलेच नाहीत." करारावर तीन सह्या केल्या.

आईने खिडकीत पाटी लावली म्हणे, आज बोलोनवर कॉफी फुकट. टायरवाल्याने दोन वेळा रांग लावली.

मी खुश आहे असं तिला सांगितलं. तिने विचारलं, "खरंच?" मी म्हटलं, हो गं आई. सांगायला सोपं असतं.

१५ मार्च

नव्या मुलाला गाळणी धुवायला शिकवली. तो घड्याळ बघतो. मी बघू दिलं.

१९ मार्च, मंगळवार

महिन्याचा अहवाल करायचा होता. त्या शनिवारी तुरटी किती गेली ते बघायला कामाच्या पाळ्यांची नोंदवही काढली. ती काका लिहायचे, मी कधी उघडली नव्हती.

२ मार्चच्या पानावर, पेन्सिलीत, शाळेतल्यासारखं सुटं सुटं अक्षर:

"१२.४०. गावचा व्हॉल्व्ह बंद केला. कुणालाही न विचारता, स्वतःच्या मर्जीने. इंजिनीअर त्या वेळी नदीवर गेल्या होत्या, त्यांना माहीत नव्हतं. दिदिमो वेलेस."

खाली पालिकेचा शिक्का. ६ मार्च.

मी ते तीन वेळा वाचलं. मग नव्या मुलाला विचारलं, काका रजेवर आहेत ना. तो म्हणाला, "रजा कसली. काढलंय त्यांना. सगळ्या गावाला माहीत आहे." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माहीत नव्हतं हे त्याला खोटं वाटलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. नदीच्या पलीकडे, बांबूच्या भिंतींचं घर, खांबांवर. ते खाली सावलीत जाळी विणत बसले होते. कोंबड्यांसाठी खुराडं. ग्वायाकीलला कुठेच गेले नव्हते. माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटं.

"या, इंजिनीअरबाई."

मी उभीच राहिले. "का लिहिलंत तसं?"

"आदेश मोडला म्हणून मोरेइराला महापौरांपुढे कुणाचं तरी नाव ठेवायचं होतं. तुमचं गेलं असतं तर प्लांटला परत इंजिनीअर नाही. मला काय, दोनच वर्षं राहिली होती. तुम्हाला चाळीस आहेत."

"मला विचारलं नाहीत."

त्यांनी तार पक्कडीने पिळली, टोक तोडलं. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही तरी कुठे विचारलंत, काका कुठे गेले म्हणून? दोन आठवडे झाले."

त्यांची बायको जिन्यावर उभी होती.  तिने माझ्यासाठी खुर्ची आणली नाही, आणि ते बरोबरच होतं.

ते म्हणाले, "आधीचे दोघंही मला विचारायचे, काका, काय करू. म्हणजे काही झालं तर काकांनी सांगितलं म्हणता यावं. तुम्ही नाही विचारलंत. आकडा बघितलात आणि चाकाला हात घातलात. मी एकतीस वर्षं तिथे आहे, मला एकदाच असं माणूस दिसलं. ते जाऊ द्यायचं नव्हतं."

मला राग आला. हे लिहून ठेवते, कारण खरंच आला.  त्यांच्यावर आला. मी म्हटलं, "मी बंद केलेला व्हॉल्व्ह आहे तो. माझा आहे. तुम्ही घेतलात." असं काहीतरी वेड्यासारखं. आवाज चढला. कोंबडीची पिल्लं पळाली.

त्यांनी पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "अरे. तुम्ही ओरडता पण."

२० मार्च, बुधवार

सुट्टी घेतली. सकाळपासून एकच पान लिहिलं, चार वेळा. शेवटी साधं ठेवलं. शनिवारी २ मार्चला गावाचा व्हॉल्व्ह मी बंद केला, प्रमुखांचा आदेश मोडून, गाळलेलं पाणी अडतीस असताना. दिदिमो वेलेस यांनी मी सुरुवात केल्यावर फक्त मदतीला चाकाला हात लावला. नोंदवहीतली ओळ खरी नाही. त्यांना काढलं ते चूक आहे. सही, पदवीचा नोंदणी क्रमांक.

पालिकेच्या टपाल खिडकीत दोन प्रती दिल्या, एकीवर शिक्का मारून घेतला. खिडकीतल्या बाईने वाचलं. मग परत वाचलं. म्हणाली, "पोरी, तुला कायम केलंय ना?"

"हो."

तिने शिक्का मारला. जोरात मारला, शाई उडाली.

२१ मार्च, गुरुवार

मोरेइरासाहेबांच्या ऑफिसात. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी. माझा आणि काकांच्या पानाची प्रत.

"दोन्ही खरे असू शकत नाहीत. एक मी ठेवतो, एक फाडतो. तुझा अजून वर गेलेला नाही. परत घेऊन जा, मी तो पाहिलाच नाही." आवाज वाईट नव्हता. थकलेले वाटले. "तू किती अर्ज केले होतेस इथे येण्याआधी?"

"एकसष्ट."

"परत करायचेत?"

मी गप्प बसले. नेहमीचं गप्प नाही. या वेळी आत एवढं काही चाललं होतं की शब्द कुठून काढावा कळेना. कान गरम झाले होते. खिशातली शिक्का मारलेली प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, म्हणजे माझ्याकडे ती आहे हे त्यांना दिसावं. मग परत खिशात घातली.

"तुम्ही तो कागद फाडलात तरी हा राहतो," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, "मीही इथे नोकरीला लागलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो."  मी उठले.

२२ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. वरिष्ठांचा आदेश मोडल्याबद्दल माझी नियुक्ती रविवारपासून रद्द. दिदिमो वेलेस सोमवारपासून पूर्ववत कामावर.

फ्लोरबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. त्या म्हणाल्या, "गाढवं," आणि लगेच पोपटांच्या पिंजऱ्याकडे बघून तोंडावर हात ठेवला.

आईला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्यापासून.  शेवटी म्हणाली, "त्या माणसाला जेवायला घेऊन ये कधीतरी." मग म्हणाली, "ये."

२५ मार्च, सोमवार

सकाळी सहाला काका कामावर आले, रबरी बूट, कानावर पेन्सिल. मी प्लांटच्या किल्ल्या आणि माझी भांड्यांच्या चाचण्यांची वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी वही उघडली, शेवटचा आकडा बघितला, नदीकडे बघितलं आणि मान हलवली. मग फाटकापर्यंत माझी बॅग उचलून आणली. बस दिसायला लागली तेव्हा विचारलं, "भीती वाटते का, इंजिनीअरबाई?"

"वाटते," मी म्हटलं.

खूप वाटतेय. बसमध्ये बसून लिहितेय, अक्षर हलतंय ते काही फक्त बसमुळे नाही.